घेण्यास नकार

गव्हाळी (केळझरजवळ)
९ फेब्रुवारी २०२५

उज्वला,

पाठवणाऱ्याचं नाव वाचूनही तू पाकीट फोडलंस. त्याचं आधी बरं वाटून घेतो, मग पुढचं लिहितो.

तू गेलीस त्याला नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहितो ते कामासाठी. गोड बोलायला मला येतं हे तुला माहीत आहे, म्हणून आज ते दुकानाबाहेर ठेवून बसलो आहे. काम अंकिताचं आहे. तुझ्या धाकट्या बहिणीची पोरगी तिच्या हातून जाऊन राह्यली.

अंकिताचं लग्न धीरजशी झालं. पुलगावचा पोरगा, इंजिनिअर, बेल्जियममध्ये घेंट नावाच्या शहरात नोकरी. त्यांची अंजू आता साडेपाच वर्षांची आहे. मागच्या मे महिन्यात अंकिता अंजूला घेऊन सुट्टीवर आली ती परत गेलीच नाही. दोघांचं जमत नव्हतं. काऊन जमत नव्हतं ते मी विचारलं नाही, दाराआडून कानावर पडलं तेवढं पुरलं. धीरजने तिथल्या फॅमिली कोर्टात केस टाकली आणि अंकिता हजर नसताना निकाल मिळवला की पोरगी बापाकडे राहील. तो निकाल घेऊन तो नागपूरच्या हायकोर्टात आला. डिसेंबरात नागपूरने सांगितलं, तीस एप्रिलच्या आत पोरीला बेल्जियमला पोचवा, आईला सोबत जायचं तर जाऊ द्या. आम्ही दिल्लीला गेलो. दिल्लीत आमचा पुकारा झाला आणि मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावेपर्यंत अर्ज फेटाळून झाला होता.

आता तू. तू राहतेस त्या स्ट्रासबुर्गला मानवाधिकाराचं मोठं कोर्ट आहे, आणि तिथं जाणारे अर्ज तपासणाऱ्या वकिलांच्या कचेरीत तू कामाला आहेस, एवढं मला माहीत आहे. माझा हिशेब सरळ आहे. तहसीलच्या वर जिल्हा, जिल्ह्याच्या वर नागपूर, नागपूरच्या वर दिल्ली. दिल्लीच्या वर कोणी तरी असेलच ना? एवढ्या देशांनी मिळून बांधलेलं कोर्ट म्हणजे दिल्लीच्याही वरचं आणि बेल्जियमच्याही. एकच अर्ज असा लिही की दोन्ही निकाल एका फटक्यात तुटले पाहिजेत.

मुद्दाही आहे. धीरज म्हणतो, अंकिताला नोटीस पाठवली होती, तिने घेतली नाही. अंकिता शपथेवर सांगते की नोटीस आलीच नाही. म्हणजे त्याने खोटे कागद जोडले. बघ बरं, काही होते का.

उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव. घरी कोणाला हे पत्र माहीत नाही. तुझा पत्ता मला कुठून मिळाला ते विचारू नको.

तुझा बाप (अजूनही),
मधुकर


२ मार्च २०२५

उज्वला,

तुझं उत्तर आलं. वर "श्री. मधुकरराव" लिहिलंस. हरकत नाही, "श्री." तरी लावलंस. पत्राच्या पाठीमागं मी तुझा फोन नंबर मागितला होता, तर लिहिलंस, "फोनवर तुम्ही गोड बोलून निसटता. लिहून पाठवा." आपल्याला कोणी तरी पुरतं ओळखून आहे, हे वाचून माणसाला बरं वाटावं की धडकी भरावी, मला कळेना.

कायद्याचं तू लिहिलंस ते तीनदा वाचलं. माझ्या भाषेत मांडतो, चुकलं तर खोडजो. ते कोर्ट दिल्लीच्या वर नाही. ते दुसऱ्याच्या वावरात आहे आणि आपला देश त्या बांध-धुऱ्याच्या आत येत नाही. नागपूर-दिल्लीच्या निकालाला त्याला हातही लावता येत नाही. बेल्जियम धुऱ्याच्या आत आहे, पण तिथलंही अपील ते ऐकत नाही. पोरगी आईजवळ बरी की बापाजवळ, हे ते ठरवत नाही. तिथल्या कोर्टाने माणसाला नीट बोलावलं का, त्याचं ऐकून घेतलं का, एवढं बघते. तेही केव्हा? बेल्जियममधल्या सगळ्या पायऱ्या चढून झाल्या, शेवटच्या पायरीवर हरलो, तर तिथून चार महिन्यांच्या आत. आणि जिंकलो तरी जुना निकाल ते फाडून टाकत नाही. चूक झाली, एवढं सांगते. तेवढं सांगेपर्यंत अंजू दहावीला बसेल.

मग त्याले मोठं कोर्ट कायले म्हणते बाप्पा? आमचा लाइनमन बरा. खांबावर तरी चढतो.

पण तुझ्या त्या एका वाक्यापाशी मी अडकून आहे, "बोलावलं का आणि ऐकलं का." तिथंच तर आपला मुद्दा आहे! अंकिताला बोलावलंच नव्हतं. तू कागद मागितलेस, पोस्टाने काय शेरा मारला, पोचपावतीवर कोणाची सही आहे. ते सगळं नागपूरच्या वकिलाकडे आहे. मिळालं की पाठवतो.

अंजूबद्दल तू काही विचारलं नाहीस, तरी सांगतो. सकाळी दुकानात येऊन बसते. मी बंद पडलेल्या मोटरीवर पेचकस टेकवून त्याचा दांडा कानाशी धरतो ना, तू पण लहानपणी धरायचीस, तसं ती करते. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, "मोटर जळाली भाऊ, वाइंडिंग करा लागते." अंजूने पेचकस लावला आणि म्हणाली, "आबाजी, ही तर नुसती खोकते." बेअरिंग गेलं होतं. गिऱ्हाइकाचं काम तासात झालं. या कानावर मी दुकान उभं केलं. त्याच्याआधी सायकलवर पान्हे टांगून विहिरी-विहिरी फिरत होतो. तो कान कोणात उतरला असेल तर त्या पोरीत.

एकोणसाठ दिवस राहिले.

मधुकर


२३ मार्च २०२५

उज्वला,

कागदांशिवाय पुढचं पत्र लिहिणार नाहीस म्हणालीस, म्हणून झेरॉक्स पाठवतो आहे. दोन आहेत. पहिला, ऑगस्टमधल्या नोटिशीचं पाकीट, ज्यावर "घेण्यास नकार" असं लिहून ते परत गेलं. दुसरी, नोव्हेंबरातली पोचपावती, जेव्हा तिथल्या निकालाची प्रत आली. त्या पावतीवर "अंकिता" अशी सही आहे. धीरजच्या वकिलाने दोन्ही नागपूरच्या कोर्टात लावले होते.

पहिल्यावर पोस्टमनने काय खरडलं त्याचं त्याला ठाऊक. दुसऱ्यावर कोणी सही ठोकली कोण जाणे. आजकाल काहीही करून मिळते.

झोप नीट लागत नाही. तुझी आई म्हणते, "दिल्लीले हरले तवापासून तुमी जेवाले बसता अन् भिंतीकडे पाह्यता." मी म्हणतो, भिंत चांगली आहे, बोलत नाही.

दर रविवारी दुपारी धीरजचा फोन येतो, अंजूसाठी. कोर्टाने घालून दिलं आहे. अंकिता फोन लावून देते आणि आत निघून जाते. मी बाहेर मोटर खोलत बसतो. अंजू त्याच्याशी तिकडच्या भाषेत बोलते. मला शब्द एक कळत नाही, पण आवाज कळतो. तुला मी खोटं सांगणार होतो की ती घाबरून बोलते. तसं नाही. मोकळं फिरणाऱ्या मोटरीसारखा आवाज लागतो तिचा. मागच्या रविवारी काहीतरी सांगता सांगता हसली आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ फाटकाला लटकून झुलत होती. मी विचारलं, "काय म्हणाले पप्पा?" म्हणाली, "माझी सायकल लहान झाली. पप्पा मोठी घेऊन ठेवणार."

धीरज राक्षस असता तर मला हे सगळं सोपं गेलं असतं. अंकिताही चुकीची नाही. ती म्हणते, तिथं चार भिंतींत सहा वर्षं काढली, तिला कोणी ऐकणारं नव्हतं. आता कोर्टानेही ऐकलं नाही.

अडतीस दिवस. लवकर लिहिजो.

मधुकर


६ एप्रिल २०२५, रामनवमी

उज्वला,

कुरिअर काल दुपारी आलं. दुकानाचं शटर अर्धं ओढून वाचलं.

तू लिहिलंस, "ही सही अंकिताची नाही. 'अंकिता'मधला क मी दहा वर्षं माझ्या प्रगतिपुस्तकावर 'मधुकर'मध्ये पाहिला आहे." खाली एवढंच, "आता खरं लिहा, नाहीतर लिहू नका."

लिहितो.

ऑगस्टमध्ये ताराचंद पोस्टमन दुकानात आला. म्हणाला, "भाऊ, बाहेरदेशची रजिस्टर्ड हाय. अंकिताच्या नावाची."

मी म्हणालो, "अंकिता नाई घरी."

"आताच तर अंगनात दिसली मले."

"तुले दिसली, कायद्याले नाई दिसली. लिही, घेण्यास नकार. मले तिनंच सांगून ठेवलं हाय."

तिने काही सांगून ठेवलं नव्हतं. त्याने पेन काढलं आणि थांबला. "मोठीच्या वेळी लिवलं तेच?"

"तेच."

तुला माहीत आहे आपल्या भागात काय म्हणतात. नोटीस घेतली नाही तर केस लागत नाही. बाजारातल्या गाळ्याचं भांडण मी असंच तीन वर्षं लांबवलं आणि समोरचा कंटाळून तडजोडीला आला. तेव्हापासून गावातले लोक मोटर घेऊन येतात तसे नोटिशीचा सल्ला विचारायलाही येतात. मला वाटलं, बेल्जियम झालं म्हणून काय, पोस्ट तर आपलंच आहे. पाकीट परत गेलं की तिकडचा जज म्हणेल, बाई सापडत नाही, फाइल बांधून ठेवा.

नोव्हेंबरात दुसरं आलं. ताराचंद म्हणाला, "भाऊ, आता नकार लिवला तर साहेब मले इचारीन. घेऊन टाका." मी घेतलं, तिच्या नावाची सही केली, आणि तांब्याच्या तारेच्या खणात तळाशी ठेवलं. फोडलंसुद्धा नाही. तू लिहिलंस की त्यात तिथं दाद मागायची मुदत लिहिलेली होती, आणि माझ्या सहीच्या दिवसापासून ती मोजली गेली. ती मुदत माझ्या खणात संपली. कागद वकिलाकडे आहेत असं मी मार्चमध्ये लिहिलं, तेव्हा तो खण माझ्या गुडघ्याला लागत होता.

सगळ्यात वाईट अजून राहिलंय. डिसेंबरात नागपूरला जजसाहेबांनी तो शेरा आणि ती सही वाचून दाखवली आणि अंकिताला विचारलं, नोटीस नाकारली नव्हती का? ती उभी राहून म्हणाली, "नाही. खोटं आहे. सहीही माझी नाही." तिचा आवाज असा फाटला होता की मी मान खाली घातली. निकालात लिहून आलं, तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवता येत नाही. मी मागच्या बाकावर होतो. ऐकत होतो. उठलो नाही. मला वाटलं, आता बोललो तर केसच जाईल. दिल्ली आहे ना वर.

तू लिहिलंस, "बाबा, नाकारलेली नोटीस बजावलेलीच धरतात. इथंही, तिथंही. तिथल्या कोर्टाने तिला बोलावलं होतं. तिला ऐकू येऊ दिलं नाही ते तुम्ही. या गोष्टीसाठी जगात कुठलंच मानवाधिकाराचं कोर्ट नाही." वाक्य रागाचं होतं. पण त्यात तू "बाबा" लिहिलंस, ते मी दोनदा वाचलं.

आणि तुझी तीन पत्रं. २०१६, २०१७ आणि २०१९ ची. माझं न ऐकता सचिनशी लग्न केलंस म्हणून मी ती परत धाडली. तू आता सांगतेस की दुसऱ्या पत्रात वर्ध्याला येण्याची तारीख होती आणि तू स्टेशनवर चार तास बाकावर बसून होतीस. तारीख वाचली आणि मी जुन्या बिलांचा गठ्ठा काढला. त्या दिवशी मी वर्ध्यातच होतो. तार घ्यायला. स्टेशनच्या समोरच्या रस्त्यावर चहा प्यालो होतो.

तुझा पत्ता कुठून मिळाला ते सांगून टाकतो. प्रत्येक पाकीट परत करायच्या आधी मागचा पत्ता मी दुकानाच्या भिंतीवर पेन्सिलीने उतरवत होतो, कॅलेंडरच्या मागं. काऊन, ते मला सांगता येणार नाही. शेवटचा पत्ता, तुझ्या कचेरीचा, अजून चालू निघाला, हे माझं नशीब.

घरात मी सांगत आलो की उज्वला कधी लिहीत नाही. अंकिता तुझ्यापासून काही तासांच्या रेल्वेवर सहा वर्षं राहिली आणि तिने तुला शोधलं नाही, ते या माझ्या सांगण्यापायी.

काही दार उरलं असेल तर सांग. माझ्याकडून जे लागेल ते.

मधुकर


१४ एप्रिल २०२५

उज्वला,

तुझा मेल सेलूच्या कॉम्प्युटरवाल्याकडून छापून घेतला. समजलं ते असं. तुझ्या स्ट्रासबुर्गला काही होणार नाही. जे काही होईल ते घेंटच्या त्याच पहिल्या कोर्टात, जिथं सुरुवात झाली. नोटीस अंकितापर्यंत पोचलीच नव्हती हे सिद्ध झालं, तर मुदत टळून गेली असूनही ते आपला निकाल पुन्हा उघडू शकते. "शकते" या शब्दाखाली तू रेघ मारलीस. आणि सिद्ध करणारा कागद एकच, माझं शपथपत्र.

नागपूरच्या वकिलांना दाखवलं. ते म्हणाले, "मधुकरराव, हे लिहू नका. खोटी सही केली असं स्वतःच्या हातानं लिहून देता? उद्या तुमच्यावरच गुन्हा लागेल. त्यापेक्षा पोरीनं सही केली अन् गडबडीत विसरली, असं म्हणू." मी विचारलं, म्हणजे पुन्हा पोरगीच खोटी? ते चष्मा पुसायला लागले.

आधी घरात सांगायचं होतं. सांगितलं. अंकिता ओट्याशी कांदा चिरत होती, तुझी आई पोळ्या लाटत होती. उभ्यानंच सांगितलं, बसलो असतो तर धीर गेला असता.

अंकिता वळली नाही. म्हणाली, "कोर्टात तुमी मागच्या बाकावर होते ना बाबा?"

"होतो."

"बाहेर आल्यावर मी वकिलाले म्हणत होती का मी खोटी हाय का, मले सांगा, मी खोटी हाय का. तवा मले पानी कोनं देल्लं?"

"मी."

एवढंच. कांदा चिरत राहिली. पूर्ण चिरला, ताटात काढला, हात धुतले, आणि अंजूला घेऊन आतल्या खोलीत गेली. तेव्हापासून माझ्याशी शब्द नाही.

तुझी आई बोलली. "मोठी लिहित नाई म्हणून सांगत होते तुमी. किती पत्र आल्ते?"

"तीन."

"माह्या लेकीचा हात लागला होता त्या कागदाले," ती म्हणाली. "मले नुसतं हातात तरी देते." पोळी तव्यावर करपली. तिनंही काढली नाही, मीही नाही.

शपथपत्र वर्ध्याला नोटरीसमोर केलं. मेलमधल्या तुझ्या मसुद्यात एकच बदल केला. पोस्टमनला मी खोटं सांगितलं की मुलीनंच नाकारायला सांगितलं आहे, त्याने माझ्या शब्दावर लिहिलं, असं वाढवलं. सहीचं मात्र मी लिहिलं की माझ्याच हातची. ताराचंद जूनमध्ये रिटायर होतो. माझ्यापायी त्याची पेन्शन अडू नये.

नोटरीने विचारलं, "भाऊ, वाचून पाह्यलं ना सगळं? हे तुमच्याच विरोधात हाय." म्हटलं, माहीत आहे. माझ्या बाजूचं पुष्कळ लिहून झालं.

कागद सोबत पाठवतो. पोचला की एक शब्द कळव. सोळा दिवस.

तुझा,
बाबा


२९ एप्रिल २०२५

उज्वला,

तुला आतापर्यंत दोघी भेटल्या असतील. तरी लिहितो, कारण घरात बोलायला कोणी नाही. तुझी आई देवळात जाऊन बसते.

अंकिताने स्वतः ठरवलं की शेवटच्या दिवसाची वाट बघायची नाही, अंजूला घेऊन आपणच जायचं आणि तिथंच लढायचं. तिकीट तिनं काढलं. तुझा नंबर तुझ्या आईच्या हाती तू पाठवलास, मला नाही, ते बरोबर केलंस. रात्री आतल्या खोलीतून तुम्हा दोघींचा आवाज येत होता. मी अंगणात खाट टाकली. इतकी वर्षं दाराआडून ऐकलं, आता पुरे.

नागपूरच्या विमानतळावर मी सोडायला गेलो. गाडी मीच चालवली. केळझर मागं पडलं, मग बुटीबोरी. अंकिता मागं खिडकीतून बाहेर बघत होती. एकदाही "बाबा" नाही. अंजूच्या हातात माझा पेचकस होता, घरून निघताना तिने सोडला नाही. गाडीतून उतरल्यावर तिने तो माझ्या सदऱ्याच्या खिशाजवळ टेकवला आणि दांडा कानाला लावला.

"काय म्हणते मोटर?" मी विचारलं.

"खरखर करते," ती म्हणाली. "आबाजी, बेअरिंग पाह्यजे."

मला हसू आलं नाही आणि रडूही. तिथला पोलीस म्हणाला, "पेचकस हातात घेऊन आत जाता येत नाही." मी तो परत घ्यायला हात पुढं केला. तेवढ्यात अंकिता म्हणाली, "मोठ्या बॅगेत टाक तो, अंजू." बॅगेची चेन उघडून दिली. माझ्याकडे बघितलं नाही. पण पंधरा दिवसांत तिने माझ्या हातची एक गोष्ट बॅगेत टाकली, एवढं मी घेऊन आलो.

मला एवढंच कळव की अंजू खाते का. बाकी कोर्टाचं जे होईल ते होईल असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. मला फार भीती वाटते.

बाबा


२४ मे २०२५

उज्वला,

तुझा मेल मिळाला. तिथल्या कोर्टाने अर्ज घेतला, फेटाळला नाही. निकाल उघडायचा की नाही ते अजून ठरलं नाही. तोवर दोघांनी आपसात ठरवून अंजू एक आठवडा धीरजकडे, एक आठवडा अंकिताकडे. अंकिता तुझ्या ओळखीच्या बाईकडे राहते आणि तू दर शनिवारी तिच्याकडे जातेस. त्या तीन पत्रांत काय होतं, ते तू तिला सांगितलंस. मला सांगू नको. मी तेवढं अजून कमावलं नाही.

तू एक गोष्ट लिहिलीस, की स्ट्रासबुर्गच्या त्या कोर्टाकडे रोज किती तरी लोक असे येतात. आपापल्या देशात हरलेले, वर कोणी तरी असेल या आशेवर. त्यातल्या बहुतेकांना तू एकच वाक्य लिहितेस, "तुमचा अर्ज त्या कोर्टाच्या अधिकारक्षेत्रात बसत नाही." मला तू हे पहिल्याच पत्रात लिहून मोकळी होऊ शकली असतीस. कागद मागितलेस. त्याचं मी काय म्हणू.

इथलं सांगतो. ऊन असं आहे की दुपारी कोणी मोटर घेऊन येत नाही. गावात बातमी पसरली आहे. परवा एकजण नोटीस घेऊन आला, "भाऊ, परत करू का?" मी म्हटलं, घे, फोड, वाच, आणि वकिलाकडे जा. तो म्हणाला, "तुमी तर अगोदर वेगळं सांगत होते." म्हटलं, अगोदर मी मोटरीचा डॉक्टर होतो आणि माणसाचंही औषध देत होतो. तो हसला आणि गेला. नोटीस घेतली की नाही, माहीत नाही.

आज अकराच्या सुमारास ताराचंद आला. सायकल भिंतीला लावली, टोपी काढली, घाम पुसला. पिशवीतून एक लांब पाकीट काढलं. बेल्जियमचं. मला वाटलं, अंकिताचं असेल.

त्याने पाकीट उलटं-सुलटं केलं. "तुमच्या नावाची हाय भाऊ. कोर्टाचा शिक्का हाय." तू कळवलं होतंस की असं काही येईल, की मी जे लिहून दिलं त्यावर मला व्हिडिओवरून उलटतपासणीला बोलावतील. धीरजचा वकील विचारेल, खोटी सही करणाऱ्या माणसावर आम्ही आज विश्वास का ठेवावा. त्याला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही. इकडे गुन्हा लागला तर तोही लागेल.

ताराचंद उभा होता. हातात बॉलपेन. तीन पाकिटं तुझी, एक अंकिताचं, सगळ्यांवर त्यानेच लिहिलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, पाकिटाकडेच बघून हळूच विचारलं, "काय लिवू भाऊ?"

म्हटलं, "तू काई लिहू नको. पेन दे इकडं."

बाबा